भोपळ्याला फळ धरत नाहीये? परागीकरण हाताने करा
भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा आधीच दिसतो, नराला नुसता लांब देठ. फुलं दुपारपर्यंत मिटतात म्हणून काम सकाळीच उरका. ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि पराग मादीच्या मधल्या चिकट भागावर सगळीकडे हलकेच फिरवा, कमी लागला तर फळ वेडंवाकडं होतं किंवा गळतं. हे झालं लैंगिक प्रजनन, म्हणजे बियांत नर-मादी दोघांचे गुण मिसळतात, त्यामुळे शेजारच्या दुसऱ्या जातीचा पराग लागला तर त्या बियांतून पुढे वेगळंच काहीतरी उगवेल, मला हे फार भारी वाटतं! अगदी सेम झाड हवं तर मात्र कटिंग, म्हणजे फांदीपासूनच नवं रोप, उदाहरणार्थ जास्वंदीची फांदी पेराखाली कापा, खालची पानं काढा, ओल्या मातीत खोचून सावलीत ठेवा.