दुधाचे दात : निगा कशी राखावी

लहान मुलांच्या दातांची कीड काळी दिसण्याआधी पांढरी असते. वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी एक फिकट रेघ उमटते, आणि वरचा ओठ बोटाने उचलून उजेडात पाहिल्याशिवाय ती सहसा लक्षात येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी बाळाला खिडकीपाशी घेऊन ओठ वर करून पाहावे. या टप्प्यावर दंतवैद्याने लावलेला फ्लोराइडचा लेप आणि घरातली शिस्त यांनी कीड बऱ्याचदा थांबवता येते. एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही.

या किडीचे नेहमीचे कारण म्हणजे बाटली तोंडात ठेवून झोपण्याची सवय. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांभोवती साचते आणि त्यातल्या साखरेपासून जिवाणू आम्ल तयार करतात. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकलेले असल्यामुळे ते बहुधा वाचतात. तेव्हा शेवटचे दूध, मग दातांची स्वच्छता आणि त्यानंतर झोप, हाच क्रम ठेवावा. मूल वर्षाचे झाले की बाटली सोडवून पेल्याची सवय लावावी. चोखणीला मध किंवा साखर लावू नये. वर्षाच्या आतील बाळाला तर मध मुळीच चाटवू नये, मग गुटीतून का होईना.

दात येण्यापूर्वी ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसल्या तरी पुरे. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात दिसतो (काही बाळांना वर्षही लागते) आणि तो दिसला त्या दिवसापासून मऊ, लहान डोक्याचा ब्रश सुरू करावा. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि नंतर वाटाण्याएवढी घ्यावी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट पसरलेली दिसते, तिकडे दुर्लक्ष करावे. खोक्यावर फ्लोराइडचे प्रमाण १,००० पीपीएमच्या आसपास आहे ना, हे वाचून घ्यावे. मूल हलत असेल तर दोघांनी समोरासमोर गुडघे जुळवून बसावे, मुलाचे डोके एकाच्या मांडीवर आणि पाय दुसऱ्याकडे ठेवावेत; मूल रडले तरी तोंड उघडेच राहते, हा त्यातला फायदा. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करावा, कारण तोवर हाताला तितके वळण आलेले नसते.

मुंबईत आईवडील लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत मूल पेंगुळलेले असते आणि नेमका रात्रीचा ब्रश राहून जातो. सकाळचा एखाद्या दिवशी चुकला तर चुकला, रात्रीचा चुकवू नये. पाळणाघरातही स्पष्ट सांगून ठेवावे, की रडणे थांबवायला हातात बिस्किट द्यायचे नाही. गोड किती खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, हे दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. चहात बुडवलेले बिस्किट तर दाढांच्या खाचांत लगद्यासारखे चिकटून बसते.

पहिली तपासणी वर्षाच्या आत, दुखणे नसतानाच करून घ्यावी. ‘दुधाचे दात पडणारच’ हे खरे असले, तरी दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय येथे बालदंत विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा.

सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे, एकही दात न पडता, नवी दाढ उगवते. ती कायमची असते, पण दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती पूर्ण वर आली की तिच्या खोल खाचा सीलंटने बुजवून घ्याव्यात का, हे दंतवैद्यांना विचारावे.