बायकोसाठी लिपस्टिक घेताय? आधी जुनीचं बूड बघा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की पणजीच्या अठरा जून रस्त्यावर कॉस्मेटिक्सच्या काउंटरपाशी एखादा नवरा हमखास गोंधळलेला दिसतो. सेल्सगर्ल विचारते, "शेड कुठली?" आणि हा म्हणतो, "लाल." लाल म्हटलं की ती मनगटावर चौदा रेघा ओढून दाखवते आणि चौथीनंतर सगळ्या सारख्याच दिसायला लागतात. मीही त्यातूनच गेलोय.

घरून निघताना तिच्या ड्रॉवरमधली सगळ्यात झिजलेली लिपस्टिक उलटी करा. बुडाला गोल स्टिकर असतो, त्यावर शेडचं नाव किंवा नंबर. मोबाईलवर फोटो काढा. झिजलेलीच बघा हं; नवीकोरी दिसते ती तिला आवडली नसण्याचीच शक्यता जास्त.

फाउंडेशनच्या वाटेला जाऊ नका. ते त्वचेच्या रंगाशी जुळवून घ्यावं लागतं, तिच्याशिवाय जमणार नाही. परफ्यूम मात्र जमतो: मनगटावर एकच फवारा मारा, बाहेर चहा पिऊन या, वीसेक मिनिटांनी जो वास उरेल तो खरा. कपाळाला लावून बघू नका, माझं हसं झालं होतं.

बिल करण्याआधी खोक्यावरची मुदत वाचा. उघड्या डबीच्या चित्रात ६M किंवा १२M असतं, म्हणजे उघडल्यावर तितके महिने. बदलून देतात का, तेही विचारा. सील फोडलं की बहुतेक दुकानं घेत नाहीत.

आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून मासळी आणायला जाऊ नका. उन्हात लिपस्टिक वितळते, शिवाय वास लागतो तो वेगळाच.