ऑनलाइन पियानो: आधी मोबाइल नीट लावा

पहिल्या तासाला बहुतेकांचा चेहरा दिसतो, हात नाही. मला चेहरा नकोच. मोबाइल पट्ट्यांच्या बाजूला, जरा उंचावर ठेवा. बोटं, मनगट, कोपर सगळं दिसलं पाहिजे. झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर लांबलेला सूर ते गोंगाट समजून कापतं. आवाज उशिरा पोचतो, म्हणून माझ्याबरोबर वाजवायचा हट्ट नको. मी थांबले की तुम्ही वाजवा.

सुरुवातीला ६१ पट्ट्या चालतील, पण दाबाप्रमाणे आवाज कमीजास्त होणारा कीबोर्डच घ्या.

पेटी वाजवणारे आजोबा सूर पटकन ओळखतात, पण त्यांचा डावा हात आयुष्यभर भाताच हलवत आलेला! त्यांना आठवडाभर फक्त डाव्या हाताचे पाच सूर, मेट्रोनोम (लय धरायला ठोके देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे सेकंदाला एक ठोका. कंटाळतात, कुरकुरतात, तरी सूट नाही. सात वर्षांच्या पोरांना मात्र रोज दहा मिनिटं पुरे.