भातशेतातला रंगीत पाणलावा कसा ओळखायचा

रंगीत पाणलावा हा पक्षी समोर असूनही दिसत नाही, कारण चाहूल लागली की तो उडण्याऐवजी जागीच थिजतो. म्हणून मेरेवरून (बांधावरून) फिरत त्याला शोधू नका. गोव्यातल्या करमळी तळ्याच्या कडेची शेतं किंवा कुडतरीकडची तळी अशा जागी, जिथे गवत संपून बोटभर पाण्याचा चिखल लागतो, तिथे एका ठिकाणी बसा. उजाडण्याआधीचा अर्धा तास आणि सूर्य बुडाल्यावरचा अर्धा तास, या त्याला चरताना बघायच्या चांगल्या वेळा. दुर्बीण ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) बरी. अंधूक उजेडात नुसती जास्त पॉवर उपयोगी पडत नाही.

अख्खा पक्षी शोधायला गेलात तर नजर फसते. छातीच्या बाजूने खांद्यावर चढणारा फिकट पट्टा आधी हेरा. मग डोळा बघा. गळा आणि छाती गडद तांबूस, डोळ्याभोवती ठसठशीत पांढरा डाग, ही मादी. नर फिकट करडा-तपकिरी, डोळ्याभोवती पिवळसर कडा आणि पंखांवर सोनेरी ठिपके. पिल्लं मोठी झाली की नरासारखीच दिसतात, त्यामुळे फिकट पक्ष्याला लगेच ‘नर’ म्हणू नका.

घोटाळा होतो तो साध्या पाणलाव्याशी. त्याची चोच लांब आणि सरळ, याची आखूड आणि टोकाशी किंचित खाली वळलेली. तो ओरडत, वेडीवाकडी वळणं घेत सुसाट जातो. हा पाय लोंबकळत जड उडतो आणि जवळच उतरतो. शिवाय साधा पाणलावा हिवाळी पाहुणा आहे. ऐन पावसात लावणीच्या शेतात दिसला तर बहुधा हाच.

संसाराची रीत इथे उलटी. मादी एकाहून अधिक नरांशी जोडी जमवते, साधारण ४ अंडी घालून निघून जाते. उबवणं आणि पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. संध्याकाळी बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखे एकामागून एक हुंकार ऐकू आले तर ती मादी समजा. मोबाईलवर तो आवाज वाजवून तिला बाहेर काढायचं नाही. पंख पसरून पक्षी फिस्कारला, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. आल्या वाटेने मागे फिरा. नर उठला की अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात.

नोंद करताना तारीख, वेळ, पाण्याची खोली आणि पीक लिहा. घरट्याची नेमकी जागा मात्र कुठेही टाकू नका.