पणनाची फाइल टेबलावर आली की

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात एकदा सकाळी सहाला जाऊन या. सरकारी वकिलांच्या कार्यालयात नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगत आले, आणि बहुतेकांनी ते हसून सोडून दिलं. मग पहिल्याच महिन्यात अडत्याने (शेतकऱ्याचा माल कमिशनवर, म्हणजे अडतीवर, विकून देणाऱ्याने) चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, थकवल्याची याचिका त्यांच्या वाट्याला येते. न्यायमूर्ती विचारतात, "हिशेबपट्टी कुठे आहे?" आणि हे मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे वळून बघतात. नागपूर खंडपीठाकडे विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. समोर बसलेल्या न्यायमूर्तींपैकी कुणाच्या घरी कापूस, कुणाच्या घरी संत्र्याची बाग असते. अडत्या आणि खरेदीदार यांतला फरक त्यांना समजावून सांगायची वेळ येत नाही. तो तुम्हाला माहीत नसेल तर मात्र लगेच कळतं.

मी आधी सहायक आणि मग अतिरिक्त सरकारी वकील म्हणून पणन, सहकार आणि कृषी खात्यांच्या फाइली सोळा वर्षं सांभाळल्या. आता खासगी प्रॅक्टिस करते, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसते. तिकडून जे दिसतं तेही यात आलं आहे.

फाइल उघडली की पहिला प्रश्न एकच: हा विषय नेमका कोणाचा? शेतमालाच्या व्यापारात सरकारं दोन असतात आणि याचिकाकर्ता दोघांनाही प्रतिवादी करून ठेवतो. बाजार आणि जत्रा हा विषय राज्यसूचीत, नोंद २८. परदेशाशी व्यापार केंद्राच्या सूचीत, नोंद ४१. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये माफ केलं आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत नेली. कापूसवाला चिडला, ते समजण्यासारखं होतं. पण त्या शुल्कावर राज्याच्या वतीने एक वाक्यही बोलू नका. केंद्राची बाजू मांडणारे डेप्युटी सॉलिसिटर जनरल तिथेच बसलेले असतात, ते त्यांचं काम आहे. तुम्ही उत्साहाच्या भरात शुल्कमाफीचं समर्थन केलंत की दुसऱ्या दिवशी पेपरात "राज्य सरकारचं म्हणणं" छापून येतं आणि संध्याकाळी मंत्रालयातून फोन येतो. माझ्यावर ही पाळी आली होती, तुरीच्या बाबतीत.

दुसरा प्रश्न: माल यार्डात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, विकला की बाहेर? १९६३ चा कृषी उत्पन्न पणन कायदा वाचताना मनात यार्डाची भिंत धरून ठेवा. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला यार्डाबाहेर नियमनातून मोकळा केला, त्या मालावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्यामुळे संत्र्याचा सौदा बागेत झाला असेल तर एक उत्तर, कळमन्यात झाला असेल तर दुसरं. याचिकेत हे बहुधा लिहिलेलंच नसतं. सौदापट्टीवरचं ठिकाण बघा.

तिसरं, कागदाची जात ओळखा. खात्याचे लोक "जीआर आहे ना मॅडम" म्हणून निश्चिंत असतात. शासन निर्णय म्हणजे प्रशासनाने स्वतःला दिलेली सूचना, कायद्याने दिलेले अधिकार त्याने कमी-जास्त होत नाहीत. अधिसूचना निराळी, ती राजपत्रात यावी लागते. म्हणून राजपत्राचं पान, तारखेसकट, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय उभं राहू नका.

आता मुख्य काम, परिच्छेदनिहाय अभिप्राय, म्हणजे याचिकेतल्या एकेका परिच्छेदावर खात्याने दिलेलं उत्तर. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयातून माणूस येतो, सोबत दहा-बारा पानं. त्यातल्या निम्म्या परिच्छेदांसमोर "म्हणणे खोटे व खोडसाळ असल्याने नाकबूल" असं टाइप केलेलं असतं. हे जसंच्या तसं शपथपत्रात उतरवणारा वकील टायपिस्ट असतो. त्या माणसाला बसवा, चहा पाजा आणि विचारा, त्या दिवशी काय घडलं? एका सोयाबीन खरेदी केंद्राच्या प्रकरणात मी हे केलं नाही. केंद्राने माल परत पाठवला होता, कारण ओलावा. मर्यादा १२ टक्के होती (नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ती १५ वर नेली, ही गोष्ट त्याआधीची). माझ्या शपथपत्रात वाक्य होतं: "विहित निकषांनुसार तपासणी करून माल नाकारण्यात आला." वाक्य सुरेख होतं. कोर्टाने तीन गोष्टी विचारल्या. मीटरवर आकडा किती आला? नमुना पोत्यात कुठून काढला? मीटर शेवटचा कधी तपासून घेतला? माझ्याकडे तिन्हींची उत्तरं नव्हती. बाहेर व्हरांड्यात केंद्रावरचा मुलगा मला सांगत होता, "मॅडम, पोतं वरून कोरडं राह्यते, आतून ओलं. आम्ही नळी पार खालपर्यंत खुपसतो, मंग आकडा दिसते. वहीत लिवून हाय ना सारं." वही त्याच्या पिशवीत होती! सकाळपासून होती. ती आधी मागितली असती तर मला शपथपत्रही वेगळंच लिहावं लागलं असतं, अर्ध्या पानाचं. वेळ मागून घेतली, वहीची प्रत जोडली, पण तोवर कोर्टाचा चेहरा बदललेला होता.

म्हणून झेरॉक्स नको, मूळ नस्ती, म्हणजे खात्याची फाइलच, मागवा. टिपणी वाचा, मग जावक नोंदवही. बाजार समितीचं संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवल्याची प्रकरणं सतत येतात, कलम ४५ खाली. आदेश वीस पानांचा असतो, गैरव्यवहाराचे तपशील भरपूर, वाचून तुम्हालाही राग येतो. त्या रागावर विसंबू नका. समितीला म्हणणं मांडायची संधी खरोखर मिळाली का, एवढंच आधी शोधा. माझ्या एका प्रकरणात सुनावणी १४ तारखेला होती. नोटिशीवर तारीख ५ होती, मी तीच वाचून "नऊ दिवसांचा अवधी दिला" असं ठासून सांगितलं. समोरच्या वकिलांनी काही न बोलता लिफाफा पुढे केला. पोस्टाचा शिक्का १२ चा, समितीकडे पोच १५ ची. जावक नोंदवहीतही १२ च होती, मी उघडलीच नव्हती. आदेश रद्द झाला, गैरव्यवहाराचा मुद्दा तसाच राहिला आणि तेच मंडळ फटाके फोडत परत आलं.

अशा वेळी खातं म्हणतं, "शपथपत्रात कारणं वाढवून टाका." तसं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल निकालापासून हे पक्कं आहे: आदेश टिकायचा तर त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकेल, मागाहून शपथपत्रात घातलेल्या कारणांवर नाही. या निकालाची प्रत मी टेबलाच्या खणात ठेवत असे आणि अधिकाऱ्यांच्या हातात देत असे. त्याहून बरं, आदेश काढण्याआधीच मसुदा तुमच्याकडे येईल इतका विश्वास कमवा. फोन आला की उचला, "लेखी पाठवा" म्हणून टाळू नका. हरणारा आदेश निघण्याआधी अडवला तर त्याची कुठे नोंद होत नाही, जिंकलेल्या प्रकरणांच्या तक्त्यातही तो दिसत नाही. मला मात्र त्याच कामाचं समाधान जास्त मिळालं. आणि टिकणार नाही असा आदेश निघालाच असेल, तर मागे घेऊन नव्याने सुनावणी द्यायचा सल्ला पहिल्या तारखेआधी द्या, पाचव्या तारखेला नको.

अंतरिम स्थगितीबद्दल थोडं सविस्तर. जमिनीच्या दाव्यात स्थगिती वर्षभर चालली तरी जमीन जागेवर असते. आंबिया बहाराचा संत्रा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये विकला जातो, जानेवारीत तुमचा युक्तिवाद ऐकायला माल उरत नाही. तुम्हाला न ऐकता, कागद न देता एकतर्फी स्थगिती झाली असेल तर ती उठवण्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६(३) चा अर्ज त्याच आठवड्यात टाका आणि प्रत समोरच्याला देऊन पोच घ्या. त्या अर्जावर दोन आठवड्यांत निर्णय व्हायला हवा, नाहीतर स्थगिती उठते. दिवस मोजायचे ते अर्ज कोर्टात आल्यापासून किंवा प्रत दिल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून, म्हणून ती पोच जपा. आणि समोरचा व्यापारी स्थगितीच्या जोरावर व्यवहार उरकू बघत असेल तर वाटाण्याचं प्रकरण दाखवा. केंद्राने वाटाणा आयातीवर मर्यादा घातली, आयातदारांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांतून अंतरिम आदेश मिळवून जहाजं आणली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा वैध ठरवल्या आणि त्या अंतरिम आदेशांच्या भरवशावर आणलेल्या मालाला संरक्षण दिलं नाही. स्थगितीवर स्वार होणाऱ्याचा उत्साह हे ऐकून बराच उतरतो.

बाजार फीच्या वादात "आम्हाला सेवा काय मिळते?" हा मुद्दा हमखास येतो. १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स निकालानुसार फी आणि सेवा यांचा पै-पैचा ताळा लागत नाही, मेळ ढोबळ असला तरी चालतो. पण ढोबळ मेळ दाखवायलाही कागद लागतो. शेड, वजनकाटे, पाणी यांवर समितीने किती खर्च केला त्याचा ताळेबंद मागवा. नुसत्या निकालावर भागवलंत तर पुढचा प्रश्न यार्डातल्या मुतारीबद्दल येईल, आणि तिथे उत्तर नसतं.

निकाल विरोधात लागला की प्रमाणित प्रतीसाठी अर्ज त्याच दिवशी करा. सर्वोच्च न्यायालयात जायला ९० दिवस असतात आणि फाइल नागपूर, पुणे, मुंबई असा फेरा करते, तेव्हा ते पुरत नाहीत. तुमचं मत "अपील करू नये" असं असेल तर तेही लेखी द्या, तीन ओळींत, कारणासह, सही करून. तोंडी सांगितलंत तर तीच फाइल ऐंशीव्या दिवशी तुमच्याच टेबलावर परत येते, वर लाल चिठ्ठी: "तातडीचे."