जीवशास्त्रातून संशोधनाकडे: पदवीपासून काय कमवत जावं

माझं काम जिवाणूंवर चालतं आणि पदवीचे विद्यार्थी माझ्या लॅबमध्ये नेहमी येत असतात. जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, हे बहुतेकांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. परीक्षेपुरतं ते चालतं. संशोधनात शेवटपर्यंत कामी येतं ते आपल्याच निष्कर्षावर शंका घ्यायचं कसब, आणि ते पहिल्या वर्षापासून कमावता येतं.

सुरुवात जुन्या पेपरपासून, म्हणजे छापून आलेल्या शोधनिबंधापासून, करा. मेसेल्सन आणि स्टाल यांचा १९५८ चा, डीएनएची प्रत कशी बनते यावरचा पेपर घ्या. त्यांनी जिवाणू आधी जड नायट्रोजनवर वाढवले, मग हलक्या नायट्रोजनमध्ये हलवले आणि पिढीमागून पिढी डीएनएची घनता पाहिली: नळी प्रचंड वेगाने फिरवली की जड डीएनएचा पट्टा खाली आणि हलक्याचा वर जमतो. निकालाची आकृती हाताने झाका आणि वहीत स्वतः काढा: डीएनएचे जुने दोन्ही धागे एकत्रच राहत असतील, तर पहिल्या पिढीनंतर पट्टे कुठे दिसतील? प्रत्येक जुना धागा नवा जोडीदार घेत असेल तर? जुन्या-नव्याचे तुकडे सगळ्या धाग्यांत मिसळत असतील तर? आता हात काढा. पहिल्या पिढीला मधोमध एकच पट्टा आहे. पहिली शक्यता बाद झाली, पण उरलेल्या दोन्ही अजून उभ्या आहेत. दुसऱ्या पिढीला मधला आणि हलका असे दोन पट्टे दिसतात, तेव्हा तुकड्यांची कल्पनाही मोडते. एका पेपरला अख्खी संध्याकाळ लागते, लागू द्या. प्रयोग कोणत्या उत्तराला बाद करतो, हे बघायची सवय डोळ्यांना अशीच लागते.

मग लॅबमध्ये जागा मागा. प्रॅक्टिकलच्या तासाला उत्तर आधीच ठाऊक असतं, म्हणून तेवढं पुरत नाही. ईमेल छोटी लिहा: त्यांचा कोणता पेपर वाचला, त्यात काय खटकलं, आठवड्यातले कोणते तास देता येतील. वाचून पडलेला खरा प्रश्न असलेली ईमेल मी कधीच बाजूला टाकत नाही. विद्यार्थीदशेतलं काम किरकोळ असतं असंही समजू नका. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून थर्मस ॲक्वाटिकस हा जिवाणू टॉमस ब्रॉक यांच्यासोबत वेगळा करणारा हडसन फ्रीझ तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. त्या जिवाणूचं उष्णता सोसणारं एन्झाइम पुढे जगभर पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रासाठी, वापरलं गेलं.

पीसीआर लावताना एका नळीत डीएनए सोडून बाकी सगळं घाला. जेलवर तपासताना त्या नळीचाही डीएनएचा पट्टा उमटला, तर काहीतरी भेसळ झाली आहे आणि शेजारच्या सुंदर पट्ट्यांवरही विसंबता येत नाही. म्हणून कंट्रोल, म्हणजे ही तुलनेसाठीची नळी, आधी बघायचा, आपला नमुना नंतर. वहीत काय ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय केलं, दोन्ही लिहा. रसायनाच्या बाटलीचा लॉट नंबरसुद्धा. फसलेला प्रयोग तर जास्तच तपशिलात लिहा.

संख्याशास्त्र टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एकाच फ्लास्कमधून तीन नमुने मोजले, तर मोजणी तीनदा झाली, प्रयोग एकदाच. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंची अनेक कल्चर, म्हणजे वाढवलेले समूह, वेगवेगळी वाढवून प्रत्येकात विषाणूला दाद न देणारे जिवाणू मोजले. आकडे प्रचंड कमीजास्त आले. विषाणूची गाठ पडल्यावर जिवाणू बदलत असते, तर सगळीकडे आकडे साधारण सारखे आले असते; त्या विखुरण्यावरूनच कळलं की हे बदल आधीच झालेले होते. नुसती सरासरी काढली असती, तर ते दिसलंच नसतं. आर किंवा पायथन, या दोन प्रोग्रामिंग भाषांपैकी एक शिका आणि स्वतःचे आलेख स्वतः काढा.

पीएचडीला विषयाइतकंच, किंबहुना थोडं जास्त, वजन गाईडला द्या. विषय वाटेत वळतो, गाईड तोच राहतो. लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी गाईड समोर नसताना बोला, सोडून गेलेल्यांशीही बोला. भेट किती दिवसांनी मिळते? प्रयोग फसला की काय होतं? पेपरवर पहिलं नाव कुणाचं, हे कधी ठरतं? काम हाती घेताना एक धोक्याचा प्रश्न आणि एक नक्की काहीतरी हाती देणारा प्रश्न, असे दोन्ही ठेवा. विद्यापीठातल्या कायम जागा पीएचडी होणाऱ्यांपेक्षा खूप कमी असतात, तेव्हा लेखन आणि डेटा हाताळणं असं तयार करा की उद्योगात किंवा सार्वजनिक आरोग्यातही ते उपयोगी पडेल.

पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नेमणुकीत, अभ्यासायचा जीव किंवा तंत्र, काहीतरी एक नवं घ्या. आणि रुजू होण्याआधीच विचारा: स्वतःची लॅब काढताना यातलं कोणतं काम मला सोबत नेता येईल? उत्तर ईमेलवर लेखी घ्या.