सोळाव्या शतकातल्या बहुस्वरी गायनाची सूची कशी करावी

“आपल्याकडे ‘ओ मॅग्नुम मिस्टेरियुम’ आहे का?” असं गायकवृंदात कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, “कुणाचं?” तोमास लुईस दे व्हिक्टोरिया या स्पॅनिश संगीतकाराचं चार आवाजांचं आहे, १५७२ मध्ये व्हेनिसला छापलेलं. पालेस्त्रीनाचं सहा आवाजांचं, १५६९ चं. जोव्हान्नी गाब्रिएलीचं आठ आवाजांचं, १५८७ चं. विल्यम बर्डचं पुन्हा चारच आवाजांचं, १६०७ चं. शब्द नाताळच्या प्रार्थनेतले तेच, संगीत मात्र चार वेगवेगळ्या माणसांचं. मी पहिल्यांदा सूची केली तेव्हा फक्त शीर्षकं लिहिली होती. तालमीला अर्ध्या जणांच्या हातात एक रचना आणि अर्ध्यांच्या हातात दुसरी आली, तेव्हा सगळं नव्याने करायला बसले.

या संगीताला पॉलिफनी म्हणतात. चार-पाच जण एकाच वेळी स्वतःची स्वतंत्र चाल गातात आणि त्या चाली एकमेकींत गुंफत जातात. ती जमवणारी, सांभाळणारी माणसं दोन प्रकारची असतात. गायकाला हवं असतं: किती आवाज, किती उंच, किती वेळ, कोणत्या सणाला. अभ्यासकाला हवं असतं: मूळ कुठे आहे, आणि हे अमक्याचंच हे कशावरून. एकाच सूचीत दोघांचंही काम भागतं, फक्त रकाने नीट आखावे लागतात.

१. कृती, स्रोत आणि प्रत वेगळी ठेवा

स्प्रेडशीटमध्ये तीन पानं करा. पहिल्यावर कृती: व्हिक्टोरियाची ही रचना, एकच नोंद. दुसऱ्यावर स्रोत: ती ज्या जुन्या छापील पुस्तकांत वा हस्तलिखितांत आहे त्यांची प्रत्येकी एक ओळ. तिसऱ्यावर आपल्या कपाटातल्या प्रती: कुणी संपादित केलेली आवृत्ती, किती नग, कुठल्या फायलीत. प्रत्येक कृतीला एक क्रमांक द्या आणि उरलेल्या दोन पानांवर तोच लिहा. हे तिन्ही एकाच ओळीत कोंबलं की सहा महिन्यांत सूची निकामी होते.

२. जुन्या वह्यांचा गठ्ठा असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा

त्या काळी सगळे आवाज एका पानावर एकाखाली एक लिहिण्याची पद्धत सर्रास नव्हती. एक तर मोठ्या पुस्तकाच्या समोरासमोरच्या पानांवर चार कोपऱ्यांत चार आवाज मांडत, नाहीतर प्रत्येक आवाजाची वेगळी वही करत: वरून खाली कान्तुस (आजचा सोप्रानो), आल्तुस (आल्टो), तेनोर (टेनर), बास्सुस (बास), आणि पाचवा असेल तर क्विन्तुस. वह्या वेगळ्या म्हणून त्या हरवतातही वेगळ्या. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात जॉन बाल्डविन यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला वह्यांचा संच आहे. त्यातली टेनरची वही नाही. त्यामुळे त्यातल्या ज्या रचना दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत, त्यांचा टेनर आजच्या संपादकांना नव्याने रचावा लागतो. तुमच्या नोंदीत म्हणून ‘आवाज किती’ आणि ‘त्यातले उपलब्ध किती’ असे दोन रकाने हवेतच.

गठ्ठा ज्या क्रमाने सापडला त्याच क्रमाने टिपा. कुठली वही कुठल्या वहीत घुसली होती, हेही पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडतं.

३. रचना मुखड्यावरून ओळखा

ख्यालाची बंदिश आपण मुखड्यावरून ओळखतो, तसंच इथे करायचं. शब्दांची पहिली ओळ लिहा, एकदा स्रोतात जशी आहे तशी आणि एकदा प्रमाण लॅटिन वळणाने, कारण जुन्या छापखान्यांत व्ही (V) आणि यू (U) या अक्षरांची अदलाबदल नेहमीची. मग प्रत्येक आवाजाचे पहिले आठ-दहा सूर लिहा. व्हिक्टोरियाच्या रचनेत वरचा आवाज डी या स्वरावरून सरळ जीवर उतरतो आणि परत डीवर जातो. जीला सा धरलं तर प, सा, प. मग कोमल धैवताला स्पर्श करून पुन्हा पंचम. एवढे सूर गुणगुणले की बर्डच्या रचनेशी गल्लत होण्याची शक्यताच उरत नाही.

फक्त वरचा आवाज नोंदवून थांबू नका. पुष्कळ रचनांत सुरुवात टेनर किंवा आल्टो करतो, आणि हाती एकच सुटी वही आलेल्या माणसाला त्या वहीतल्या सुरांवरूनच शोध घ्यायचा असतो. सूर साध्या अक्षरांत लिहिण्याची एक पद्धत १९६४ पासून चालत आली आहे, ‘प्लेन अँड ईझी’ नावाची. तीत स्वराचं अक्षर, कालमानाचा आकडा आणि सप्तकाची खूण एवढंच लागतं. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या रिझ्म या संगीताच्या जुन्या स्रोतांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतही सुरुवातीचे सूर याच पद्धतीने देतात, त्यामुळे तुमची नोंद तिथे ताडून बघता येते.

४. संगीतकाराच्या नावाला तीन रकाने

एक: स्रोतावर काय नाव आहे. दोन: आजचं मत काय. तीन: ते मत कशाच्या आधारावर. जोस्कँ दे प्रे हा नावाजलेला संगीतकार १५२१ मध्ये वारला. १५४० मध्ये जर्मनीतल्या गेओर्ग फोर्स्टर या संग्रहांच्या संपादकाने एका थोर माणसाचं म्हणणं नोंदवून ठेवलं, की जोस्कँ हयात असताना जेवढं रचत नव्हता तेवढं आता मेल्यावर रचतो आहे. जोस्कँचं नाव घातलं की पुस्तक खपे. ‘आब्सालोन फिली मी’ ही अतिशय खोल रचना जर्मन छापील संग्रहांत जोस्कँच्या नावावर आहे, लंडनच्या हस्तलिखितात तिच्यावर कुणाचंच नाव नाही, आणि आज अनेक अभ्यासक ती पिएर दे ला र्यूची मानतात. मत बदललं म्हणून जुनं नाव खोडू नका. गायक तिला जोस्कँच्या नावानेच शोधत येतील.

५. दोन भागांची रचना एकच नोंद

मोटेट, म्हणजे लॅटिन धार्मिक शब्दांवरची बहुस्वरी रचना, अनेकदा दोन भागांत असतं. बर्डचं १५८९ चं पाच आवाजांचं ‘ने इरास्कारिस’ घ्या. त्याचा दुसरा भाग ‘चिव्हितास सान्क्ति तुई’ या शब्दांनी सुरू होतो आणि तो एकटाच गायला जातो, इंग्रजी शब्दांतही. नोंद एकच करा, पण दुसऱ्या भागाची पहिली ओळ आणि इंग्रजी रूप शोधयादीत जरूर घाला.

६. गायकासाठी लिहायचं ते

मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो इथे, आणि तो मी आनंदाने देते. प्रत्येक आवाजाचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर लिहा. शेवटचा सूरही लिहा. ‘सोप्रानो, आल्टो, टेनर, बास’ एवढ्याने भागत नाही, कारण तेव्हाचा आल्टो आजच्या बायकांना बऱ्याचदा फार खाली जातो आणि पुरुषांना फार वर.

मग मूळ क्लेफ लिहा. ओळीच्या सुरुवातीचं ते चिन्ह कोणत्या रेघेवर कोणता स्वर हे सांगतं. वरच्या आवाजापासून खालच्याकडे गेलं, आणि रेघा खालून मोजल्या, तर नेहमीच्या संचात सी पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या रेघेवर असतो आणि बासला एफ चौथ्या रेघेवर. उंच संचात वरच्या आवाजाला दुसऱ्या रेघेवर जी येतो आणि बाकीचेही वर सरकतात. पालेस्त्रीनाचा ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ (मिस्सा म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं संगीत) असाच उंच संचात लिहिलेला आहे. अशा रचना, मूळ स्वर धरून मोजले तर, चार किंवा पाच स्वर खाली उतरवून गाण्याची प्रथा होती. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. इथेही कुणी काळी एकला सा लावतो, कुणी काळी पाचला. कागदावरचा सा म्हणजे एक खूणगाठ. आधुनिक आवृत्तीत संपादकाने रचना आधीच उतरवली आहे का, कालमान निम्मं केलं आहे का, हे प्रतीच्या पानावर टिपा.

मूळात न लिहिलेले पण गायक स्वतः चढवत-उतरवत असलेले कोमल-तीव्र स्वर संपादक सहसा स्वराच्या डोक्यावर छोट्या अक्षरात देतात. दोन आवृत्त्यांत ते वेगळे असतात, म्हणून एका तालमीत दोन आवृत्त्या मिसळू देऊ नका.

प्रसंगाच्या रकान्यात आजचा वापर आणि मूळ स्रोताची सूचना दोन्ही हवीत. व्हिक्टोरियाची ही रचना आपण नाताळात गातो. १५७२ च्या पुस्तकात ती १ जानेवारीच्या सणासाठी आहे. कार्यक्रम आखणाऱ्याला त्यातून आणखी एक तारीख मिळते.

७. अभ्यासकासाठी लिहायचं ते

ग्रंथालयाचं रिझ्मने ठरवलेलं संक्षिप्त चिन्ह, हस्तलिखिताचा क्रमांक, पानं, वर्ष, छापणारा. संगीतकाराच्या नावाचं एकच रूप धरा, उदाहरणार्थ एकाच माणसाचं लास्सो किंवा लास्सुस, दुसरं शोधयादीत. मध्ययुगीन आणि सोळाव्या शतकापर्यंतच्या हस्तलिखितांचे फोटो ऑक्सफर्डच्या डायम या संग्रहात मिळतात. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीत १९९८ पासून मोफत आवृत्त्या जमत आहेत. तिथून घेतलेल्या प्रतीवर संपादकाचं नाव आणि तारीख लिहा. संगीतकाराला जाऊन चारशे वर्षं झाली तरी नव्या आवृत्तीवर संपादकाचा हक्क असू शकतो.

८. गोव्याकडे वळताना

गोव्यात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत लॅटिन मोटेट गातात, व्हायोलिन, क्लॅरिनेटच्या साथीने. ती युरोपच्या सोळाव्या शतकातली नाहीत, नंतरच्या काळातल्या गोव्याच्या संगीतगुरूंनी रचलेली आहेत. पण अडचणी ओळखीच्या आहेत: आवाजांचे सुटे कागद, बहुतेकदा रचनाकाराचं नाव नाही, आणि एका गावचं मोटेट दुसऱ्या गावात थोडं वेगळं. इथे स्रोताच्या पानावर कागदाच्या जोडीला ‘कोणत्या चर्चमध्ये, कुणाच्या तोंडून, कधी ऐकलं’ असा रकाना घाला आणि परवानगी घेऊन ध्वनिमुद्रणही जोडा. गाणारी वयस्क मंडळी आहेत तोवर हे काम आधी करा, बाकीची यादी थांबू शकते.

९. नोंद बंद करण्याआधी गाऊन बघा

चार जण जमवून पहिलं पान गा. बासचा सर्वांत खालचा सूर चुकीचा लिहिलाय, किंवा टेनरच्या प्रतीत एक विश्रांती गळली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळतं. सापडलेली चूक स्वतःच्या नावाने आणि तारखेने शेराच्या रकान्यात लिहा, आणि मग पुढचा क्रमांक घ्या.